वाडा पुढं गेला अन् मी नर्स झाले

घर सोडून जाणारं माणूस मागं वळून वळून बघतं म्हणतात. मला ती सोयसुद्धा नव्हती. मी जागची हलले नाही, घरच माझ्यासमोरून उठून चालायला लागलं.

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून, आसाराम पाटलांचं रिकामं रान होतं. त्या रानाच्या बांधावर मी पत्र्याची पेटी घेऊन उभी होते आणि आमचा वाडा निघाला होता. वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं दगडी भिंती येतील. आम्हा धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरं, चार घोडी, कुत्री, पालं आणि त्यांच्या मागं चालणारी माणसं. दिवाळी झाली की खुलताबादच्या डोंगरातून उतरायचं, पडेगावात पाटलांच्या रानात मेंढरं बसवायची, आणि मग गोदावरीच्या काठाला, गंगथडीला, रानं बदलत बदलत उन्हाळा काढायचा. मेंढरं ज्याच्या रानात बसतात त्याला खत मिळतं, आणि तो आम्हाला जवारी देतो. आमच्या आज्यापासून असंच चाललेलं.

मंजी घोड्यावर होती. माझी लेक, दोन वर्षांची. घोड्याच्या पाठीवर बाजलं, भांडी, वाकळा, त्यावर दोन नुकती जन्मलेली कोकरं आणि त्यांच्या मधोमध दोरीनं बांधलेली मंजी. ती एका कोकराचा कान ओढत होती आणि हसत होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. काहून बघावं? मी रोजच्यासारखी मागून येणारच, असं तिला वाटत होतं. घोड्याचा कासरा ठकूवैनीच्या हातात होता. ठकूवैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला सातवा महिना होता, तरी ती झपाझप चालायची.

बा सगळ्यात शेवटी निघाला. मला म्हणाला, “रस्त्यावर उभी ऱ्हाऊ नको. ऊन लागंल. जा.” एवढंच बोलला. आमच्यात निरोपाला फार बोलायची रीत नाही, कारण मेंढरं थांबत नाहीत.

धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच होते. मग पेटी डोक्यावर घेतली आणि शहराकडं चालायला लागले. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर. माझ्या पेटीत दोन पांढऱ्या साड्या होत्या.

आता तुम्ही पोरी माझ्याकडं येता. कुणी वाड्यावरच्या, कुणी वाडा सोडून वाळूजला कंपनीत लागलेल्यांच्या. “आत्या, नर्सिंगला कसं लागायचं?” विचारता. मोबाईलवर बोट फिरवता, फॉर्म कधी सुटणार, स्कॉलरशिप कितपत मिळती, प्रायव्हेट कॉलेज बरं का सरकारी, सगळं आधीच बघून आलेल्या असता. मी सांगते. जातीचा दाखला आधी काढा, नावातली चूक आत्ताच दुरुस्त करून घ्या, फुकट जागा आहे म्हणणाऱ्या एजंटाच्या नादाला लागू नका. आणि तुम्ही म्हणता, “आत्या, तुझं कसं झालं गं?” तेव्हा मी चहा ठेवायला उठते. आज उठत नाही. ऐका.

माझी माय मी लहान असतानाच गेली. बानं मला खुलताबादला मावशीकडं ठेवलं, म्हणून माझी शाळा झाली. बा सगळ्यांची वयं निजामावरच्या पोलीस ॲक्शनपासून मोजायचा. दादा ॲक्शनच्या आधीचा आणि मी नंतरची, बस, एवढाच त्याचा हिशोब. शाळेत मास्तरांनी सगळ्या धनगरांच्या पोरांना एकच जन्मतारीख देऊन टाकली होती, एक जून. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं आणि माझं लग्न झालं. नवरा साखर कारखान्यावर कामाला गेला तो तिकडचाच झाला. दुसरी केली. मंजी तेव्हा माझ्या पोटात होती. फारकत नाही, भांडण नाही, काही नाही. चप्पल विसरावी तसा मला विसरला.

मावशीनं घरात घेतलं, पण मावशीची सून बोलायची. मी बालवाडीत मदतनीस लागले. पोरांना सुकडी वाटायची, त्यांची नाकं पुसायची. तिथं लस टोचायला एक सिस्टर यायच्या. एकदा मला म्हणाल्या, “किती दिवस सुकडी वाटणार तू? नर्सच्या ट्रेनिंगला जा. दीड वर्षाचं असतं. विद्यावेतन मिळतं, राहायला होस्टेल आहे. परित्यक्तांना जागा राखीव असते, वयाची सूटही असते.”

परित्यक्ता हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्यात ‘टाकलेली’ म्हणतात. सरकारनं नाव तरी बरं ठेवलं होतं!

मग सुरू झालं. आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. मंजीला मांडीवर पाजत गणितं सोडवली आणि काठावर पास झाले. जातीचा दाखला काढायला गेले तर साहेब विचारतो, रहिवासी कुठले? म्हटलं, पावसाळ्यात खुलताबाद, बाकीचे दिवस रस्ता. त्याला वाटलं मी थट्टा करायले. परित्यक्ता असल्याचा दाखला काढायला गेले तर कारकून म्हणाला, “नवऱ्याची सही आणा.”

“अहो, सही द्यायला तो घरी असता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?”

तो हसला. मला हसू आलं नाही. पुन्हा ये, पुन्हा ये करत त्यानं मला उन्हाळाभर फिरवलं. शेवटी सरपंचाचा दाखला आणि गावच्या पंचांच्या सह्या यांवर काम भागलं. मला नवऱ्यानं टाकलंय, हे गावातल्या पाच बाप्यांनी पारावर बसून लिहून दिलं. मी शेजारी उभी होते. लाज वाटली का म्हणाल तर वाटली. पण जागा हातची जाईल ही भीती त्याहून मोठी होती.

खरी अडचण पुढं होती. विद्यावेतन फुकट नसतं. शिकून झाल्यावर सरकार पाठवील तिथं काही वर्षं नोकरी करायची, आणि मधेच सोडलं तर घेतलेलं सगळं परत द्यायचं, असा करार होता. त्याला जामीन लागायचा, तोही जमीनवाला. आमच्याकडं कळप होता, पण हातभर जमीन नव्हती. बा पाटलांकडं गेला. मीही मागं गेले. पाटील पान खात बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, “धोंडिबा, तुझ्या मेंढरांनी माझं रान पिकवलं. सही करतो. पोरगी मधेच पळून नाय आली म्हंजे झालं. न्हाय तर माझ्या रानावर बोजा चढायचा.”

बा म्हणाला, “न्हाय पळायची.”

मला कुणी विचारलं नाही. पण बा बोलला म्हणजे मी बोलले. पुढं दीड वर्ष हे दोन शब्द माझ्या गळ्यात दाव्यासारखे होते.

होस्टेलवर लेकरू चालत नव्हतं. मुलाखतीत मेट्रनबाईंनी विचारलं, “मुलगी कुणाकडे राहणार?” मी म्हटलं, “वैनीकडं.” त्यांनी मान हलवली. मावशीकडं ठेवता आली नसती, तिच्या सुनेनं चक्क नाही सांगितलं होतं. वैनी मात्र म्हणाली होती, “आण इकडं. मला होईल त्याच्यासंगं हीबी वाढंल. दीड वर्साचं काय एवढं!”

म्हणून मी त्या बांधावर उभी होते.

होस्टेलातल्या पहिल्या दिवसांचं काय सांगू! मंजी अजून अंगावर प्यायची. ती गेली, पण दुधाला कुठं कळतं ती गेली ते? छाती दगडासारखी व्हायची. वर्गात बाई हाडांची नावं सांगायच्या आणि माझं पोलकं भिजायचं. पांढऱ्या साडीवर तर लगेच दिसतं. माझ्या खोलीत बीडकडची एक विधवा होती, तिनं ओढणी फाडून मला करकचून बांधलं. “आटंल,” म्हणाली. आटलं. ज्या दिवशी पोलकं कोरडं राहिलं त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले, कारण तेवढीच एक गोष्ट मंजीची माझ्याजवळ उरली होती.

आमचा वाडा कुठं आहे हे कळायला पत्ता नव्हता, पत्र नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी रान बदलायचं. पण शहागंजात रज्जाकचाचांचं लोकर-घोंगड्यांचं दुकान होतं. सगळ्या वाड्यांचे धनगर तिथं लोकर घालायला यायचे आणि कोण कुठं आहे याची खबर ठेवून जायचे. दर रविवारी मी तिथं जायची. चाचा दाढीवर हात फिरवत सांगायचे, “तेरे लोगां गंगापूर के उधर हैं बोले, बेटी. बच्ची अच्छी है.”

बच्ची अच्छी है, हे त्यांना कुणी सांगितलेलं असायचं की ते मनानंच जोडायचे, मला माहीत नाही. मी तेवढ्यासाठी जायची. ते ऐकलं की पुढचा आठवडा ढकलता यायचा.

एका रविवारी त्यांनी ते म्हटलं नाही. गल्ल्यावरून उठून बाहेर आले, मला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. “तेरी भाभी का बच्चा नहीं रहा, बेटी. पैठण के रस्ते पे हैं तेरे लोगां. तू जाके आ.”

मी मेट्रनबाईंचे पाय धरले. एका दिवसाची सुटी मिळाली. एसटीतून उतरले आणि रानातून चालत गेले. लांबून मेंढरं दिसली आणि मी पळायलाच लागले. वाड्याची कुत्री माझ्यावर धावून आली. ज्या मोत्याला मी माझ्या ताटातली भाकर घालायची, तो दात काढून भुंकत होता. अंगाला फिनेलचा वास, वर पांढरीफेक साडी. मेंढरं बुजली, पार पांगली. बानं लांबूनच शिवी हासडली, मग ओळखलं, आणि येऊन माझ्या अंगावर त्याचं घोंगडं टाकलं. तेव्हा कुठं कुत्री गप झाली.

घोंगड्यातून मी मंजीला शोधत होते.

ती पालाच्या तोंडाशी उभी होती. तिच्या पाठीवर एक दुपटं बांधलेलं होतं, तान्ह्या लेकराचं, जुन्या लुगड्याचं शिवलेलं. दोन्ही टोकं गळ्याशी गाठ मारलेली.

तुमच्यातल्या शहरात वाढलेल्यांना त्यात काही दिसणार नाही. मी वाड्यावर जन्मलेली. मला बघताक्षणी कळलं.

आमच्यात असं करतात. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं कोकरू आईविना राहिलं, तर मेलेल्याचं कातडं काढून या जित्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते. तिला तिच्याच लेकराचा वास येतो. ती त्याला पाजते. चार दिवसांनी कातडं सोडून टाकतात, तोवर तिनं त्याला आपलं मानलेलं असतं. याला कोकरू लावणं म्हणतात. बाच्या हाताला त्यात यश होतं, दुसऱ्या वाड्यांवरून त्याला बोलवायला यायचे.

बानं माझी लेक वैनीला लावली होती.

वैनीचं बाळ आठवडाभर जगलं होतं. आधी प्यायचं थांबलं, मग दातखीळ बसली, अंग कमानीसारखं ताठ झालं. नाळ खुरप्यानं कापली होती, वर राख दाबली होती. सगळ्याच जणी तेच करायच्या. हे धनुर्वातानं होतं आणि पातं उकळून घेतलं तर होत नाही, हे मला नुकतंच वर्गात शिकवलं होतं. मी ते वहीत छान अक्षरात उतरवून घेत होते तेव्हा इकडं ते लेकरू ताठ झालं असेल. या विचारानं मी आजही मधेच काम टाकून उभी राहते.

वैनी पालात बसली होती. मला बघून तिनं पदर ओढून घेतला. मंजी धावत गेली ती तिच्याकडं. पदराखाली शिरली आणि प्यायला लागली. मला तो आवाज ऐकू आला.

मी बाच्या अंगावर गेले. “माझी लेक काय मेंढरू हाय का?”

बा खाली बसून काडीनं माती उकरत होता. “ठकू मरायली होती. चार दिस पाणी नव्हतं घेतलं तिनं. दुधानं ताप भरला. अन् तुझं लेकरू रस्त्याकडं बघून रडायलं होतं, भाकरीला शिवत नव्हतं. दोघीबी जायच्या होत्या. म्या लावलं.” मग म्हणाला, “तू असतीस तर इचारलं असतं.”

मंजीला उचलावं आणि पळावं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मी घोंगडं बाजूला टाकून उठलेसुद्धा होते. पण जाणार कुठं? होस्टेलात लेकरू चालत नाही. ट्रेनिंग सोडलं तर पाटलांच्या रानावर बोजा, आणि बाचा शब्द मातीत. आणि मावशीच्या सुनेच्या दारात सुकडीचा डबा घेऊन पुन्हा मीच. ज्या करारानं मला वर काढायचं होतं त्यानंच माझे हात बांधले होते. मी पुन्हा बसले. मंजीसाठी बिस्किटांचा पुडा आणला होता. ती आली, पुडा घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलं. कुठंतरी पाहिलेलं माणूस आठवत नसलं की आपण बघतो ना, तसं. आणि वैनीकडं परत गेली.

वैनी एवढंच बोलली. “तुझी अमानत हाय. शिकून ये अन् ने.”

मी रागानं शिकले पोरींनो. तुम्ही आवड म्हणता, सेवाभाव म्हणता, मुलाखतीत तसंच सांगा. मी रागानं शिकले. प्रत्येक बाळंतपणात माझं लक्ष आधी त्या पात्याकडं. उकळलं का? किती वेळ उकळलं? पुन्हा उकळा. सोबतच्या पोरी मला ‘उकळी’ म्हणायच्या. म्हणू द्या.

ट्रेनिंग संपलं, नेमणूक झाली, वैजापूरकडं एका उपकेंद्रावर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. मी मंजीसाठी फ्रॉक शिवला, खेळायला लाकडी गाडी आणली आणि वाड्यावर गेले. वैनीनं मुकाट्यानं मंजीचे केस विंचरले, तिला माझ्या हातात दिलं आणि मेंढरांमागं निघून गेली. मंजी इतकी ओरडली की एसटीतली माणसं माझ्याकडं पोरं पळवणारी असल्यासारखं बघायला लागली.

क्वार्टरात ती जेवेना. दूध थुंकून टाकायची. लाकडी गाडीला तिनं हात लावला नाही. संध्याकाळी मेंढरं परत यायची वेळ झाली की दारात जाऊन उभी राहायची आणि रस्त्याकडं तोंड करून मेंढरांना हाकारतात तसं हाकारायची, “हुर्रर्र... हुर्रर्र...” माझ्या क्वार्टरापुढं डांबरी रस्ता आणि एक बंद पिठाची गिरणी. कोण येणार? मी तिला जवळ घ्यायला गेले की अंग ताठ करायची. लेकराचं असं ताठ झालेलं अंग हातात घेतलं की माझा जीव कुठं जात असेल, विचार करा.

आठवडाभरानं बा आला. पाणी प्यायला, भिंतीला टेकून बसला. “कोकरू काढून नेलं की मेंढी वरडत हिंडती,” म्हणाला. “ठकू वरडत न्हाय. तेच वंगाळ हाय.”

मंजी बाच्या मांडीवर जाऊन बसली होती आणि त्याच्या हातानं भाकर खात होती. आठवडाभरात तिनं खाल्लेली पहिली भाकर. तिला खाताना बघून मी फ्रॉक घडी करायला घेतला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला वाड्यावर घेऊन गेले.

वैनी आमच्याकडं बघत राहिली. मंजी माझा हात सोडून धावली. वैनीनं तिला उचललं नाही आधी. पालात गेली, ते दुपटं घेऊन आली, घडी करून माझ्या हातात दिलं. आता त्याची गरज राहिली नाही, असा त्याचा अर्थ होता. की माझं लेकरू तुला दिलं, असा होता? आम्ही दोघींनी त्यावर कधी शब्द काढला नाही. मी ते दुपटं माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं, पांढऱ्या साड्यांच्या खाली.

कराराची वर्षं संपल्यावर मी पडेगावला बदली मागून घेतली. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. दिवाळीनंतर वाडा तिथं उतरायचा. पाटलांच्या रानासमोर मी दोन खोल्या घेतल्या. मंजी यायची, “आत्या, खाऊ?” म्हणायची. तिला कुणी काही लपवलं नव्हतं. जन्म आत्यानं दिला आणि माय ठकू, हे तिला माहीत होतं आणि त्यात तिला काही नवल वाटत नव्हतं. कोकरांच्या बाबतीत ती रोजच बघायची.

वाड्यावर कुणी गरोदर आहे असं कळलं की मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन हजर. बाया पळायच्या, मी मेंढरांतून त्यांच्या मागं पळायची, बा हसायचा. नंतर आमच्या वाड्यावर कुणाचं लेकरू तसं गेलं नाही. हे मी अभिमानानं सांगते. पण वाडा उठायचा दिवस आला की माझी ड्युटी मी मुद्दाम लांबच्या गावाला लावून घ्यायची. घोड्यावर बसलेली मंजी मला पुन्हा बघवत नव्हती. एवढी वर्षं गेली, पगार वाढला, पण त्या बांधावर मी अजून उभीच आहे असं वाटायचं.

बा गेला. पाटलांच्या रानाचे प्लॉट पडले, तिथं आता घरं आहेत. दादाचा वाडा लहान झाला, रस्त्यावरच्या गाड्यांमुळं मेंढरं न्यायची तर जीव मुठीत. मंजीचं लग्न गंगापूरकडच्या एका घरात झालं. लग्नात वैनीनं मला जवळ बोलावलं, पण कन्यादानाला दादा आणि तीच बसली. मी अक्षता वाटत होते. बरोबरच होतं ते.

मग एका सकाळी वैनी दारात. डोक्यावर गाठोडं आणि मागं मंजी, दिवस भरत आलेली, पाय सुजलेले. मी आधी पायच बघितले, सवयच तशी. “बीपी बघायचंय हिचं. बरं केलंस आणलीस. तपासून देते, संध्याकाळी घेऊन जा.”

वैनी गाठोडं खाली ठेवून म्हणाली, “न्यायला न्हाय आणली. पैलं बाळतपण हाय. पैलं बाळतपण मायकडं करायचं असतंय.”

“मग वाड्यावर कर की. माय तर तू.”

“मग मायकडं आणली न्हाय का?” वैनी म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसायला लागली.

मी आत जाऊन पेटी उघडली. ते दुपटं मी दर दिवाळीला धुवून ठेवायची. बाहेर आणून खाटेवर ठेवलं. वैनीनं ते उचललं, नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं. “ठिवलंस व्हय?”

“ठिवलं.”

“ह्यातच घ्ये व्हनाऱ्या लेकराला,” एवढं बोलून तिनं ते परत ठेवलं आणि चपला घालायला लागली. मी म्हटलं, “वैनी, थांब ना गं. बाळंत होईस्तोवर तरी थांब.”

“मेंढरं हायेत. अन् म्या थांबले तर ही समदं मलाच सांगंल.”

आणि ती निघाली. मंजी माझ्यासोबत दारात आली. दौलताबादच्या रस्त्यानं वैनी झपाझप चालत होती, सातव्या महिन्यात चालायची तशीच, पाठ ताठ ठेवून. मंजीला ती खरंच चाललीय हे उशिरा कळलं. तिनं हाक मारली, “माय!”

वैनी थांबली नाही.

“माय!” मंजी पुन्हा ओरडली, घसा फाटेपर्यंत. शे-दोनशे मेंढरांत एका कोकराचा आवाज ओळखणारी बाई ती. तिला ऐकू गेलं नाही असं होणारच नाही. पण तिनं मान वळवली नाही. रस्त्यावर उभं राहून बघत राहणं काय असतं ते मला माहीत होतं. न बघता चालत जाणं काय असतं, ते मला तिच्या पाठीकडं बघून त्या दिवशी कळलं. ती हाक वैनी माझ्यासाठी ठेवून चालली होती.

मंजी रडायला लागली होती. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली, अगदी हळू.

“ओ,” मी म्हणाले.

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. अंग ताठ झालं नाही.

“उन्हात उभी ऱ्हाऊ नको. आत ये.”

ती आत आली.